सुभेदार आणि चढणारा तानपुरा

सुभेदार आनंदा जाधवांच्या घरी गाणं ऐकायला गेलं की आधी फ्रिज बंद होतो. मग पंखा. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून ओसरीवर नेऊन ठेवतात, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराकडे तोंड करून प्रश्न जातो, "कुकर लावलाय का?" लावला असेल तर तीन शिट्ट्या होईपर्यंत पाहुण्याने गप्प बसायचं. पाहुणा कोण, कुठला, किती मोठा, याला तिथे किंमत नाही. मी पहिल्यांदा गेलो तो साताऱ्यातला गाण्यातला जाणकार म्हणून, आणि तीन शिट्ट्या मीही मुकाट्याने मोजल्या.

जाणकार ही पदवी मला कुणी दिली नव्हती, ती मी हळूहळू अंगावर चढवून घेतली होती. छत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवल्यावर माणसाला ऐकून घेणाऱ्यांची सवय लागते, आणि निवृत्तीनंतर नेमके तेच मिळेनासे होतात. मग मैफलीत दुसऱ्या रांगेत बसावं, समेवर हात उचलावा, चहाच्या वेळी गायकाच्या गुरूबद्दल एखादी ऐकीव गोष्ट सोडून द्यावी. एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललं होतं. कोरेगावात मोबाइलचं दुकान चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी एकदा म्हणाला, "सर, आमच्या गावातलं एक सुभेदार लय गाणं ऐकत्यात. एकदा चला तुमी." गाणं ऐकण्यात कसला आलाय पराक्रम, असं मनात म्हणत मी त्याच्या मोटारसायकलवर बसलो.

कोरेगावच्या पलीकडे दोन्ही अंगांना ऊस, मधून डांबराची अरुंद पट्टी, आणि तिच्या शेवटी सुभेदारांचं घर. परसात एक खोली वेगळी बांधलेली. तिच्या चारी भिंतींवर आणि वर छतालाही वाकळा ठोकलेल्या होत्या, जुन्या लुगड्यांच्या, सुमनवहिनींनी हाताने शिवलेल्या. आवाज भिंतीवर आपटून माघारी येऊ नये म्हणून ही व्यवस्था. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लोकं वाकळ पांघरत्यात. आमच्या ह्यांनी भितीला पांघरल्यात. थंडीत आमी बसतोय काकडत." हे त्या तक्रार म्हणून सांगत होत्या की कौतुक म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सुभेदार उंच, काटक, डोक्यावरचे पांढरे केस मशीनने बारीक केलेले. लष्कराच्या सिग्नलमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, म्हणजे कानाला हेडफोन लावून खरखरीतून संदेश वेचायचे. उजवा कान जनरेटरच्या शेजारी बसून बसून मंद झालेला. त्यामुळे ज्याचं बोलणं महत्त्वाचं वाटतं त्याला ते डाव्या हाताला बसवतात. मला त्या दिवशी उजवीकडे बसवलं.

शिट्ट्या झाल्या, गाणं सुरू झालं. तानपुरे, मग एका बाईंचा आवाज. चार स्वर झाले असतील नसतील, मी म्हणालो, "यमन."

सुभेदारांनी गाणं थांबवलं. "राग नगा सांगू, सर. राग नावात लिवल्याला असतोय. खोलीत माणसं किती हायत ते सांगा."

"कुठल्या खोलीत?"

"त्या गात्यात त्या खोलीत."

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि डोळे मिटून सांगायला लागले. "पंधरा-वीस हायत. खाली बसल्यात, पर सतरंजी पातळ हाय, फरशी लागती. डाव्या अंगाला खिडकी उघडी हाय. बाईंच्या हातात काचंच्या बांगड्या हायत. आन् मांडी बदलायच्या आदी त्या जरा थांबत्यात. गुडगा दुखत असंल." तिसऱ्यांदा लावलं. आणि मला ऐकू आलं. खिडकीबाहेर लांबवर एक पक्षी बोलत होता. एक माणूस घसा न खाकरता नुसताच श्वास आवरत होता. बांगड्या एकमेकींना लागल्या, बाई क्षणभर थांबल्या आणि मग निषाद आला. तो निषाद मी शेकडो वेळा ऐकला असेल, पण तो कुठून निघून येतो हे कधी पाहिलं नव्हतं. मी बराच वेळ काही बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

सुभेदारांचं ऐकणं तीन वेळचं असतं. पहिल्यांदा खोली, दुसऱ्यांदा तानपुरा, तिसऱ्यांदा माणूस. एका बैठकीला एकच गाणं. दुसरं लावा म्हटलं तर म्हणतात, "भाकरी खाल्ली न्हवं आता? मग लगीच दुसऱ्याच्या घरी जेवायला बसताय व्हय?"

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. "बर्फात पोस्ट हुती. सकाळचं नऊ-दहा वाजलं असतील. रेडिओचा सेट लावला तर नुसतं घूं घूं. म्हणलं, फॉल्ट हाय. अर्थिंग बघितलं, एरियल हलवली, घूं काय जाईना. सेट उघडाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, तवर त्या घूंमधनं एक माणूस गायला लागला. तानपुरा हुता सर, तो. मी फॉल्ट म्हणून शोधत हुतो." एवढं सांगून ते हसतात, आणि मग जरा थांबून म्हणतात, "घरी कवा गाणं न्हवतं. भजनाला पेटी असायची, तेवढीच. पर त्या दिवशी सेट बंद करायला हात झाला न्हाई."

पुढे मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत लागला. त्याने बापाला चांगले हेडफोन आणून दिले आणि हाय-रेझोल्यूशन गाणी उतरवून दिली. साध्या सीडीत आवाजाचे एका सेकंदाला चव्वेचाळीस हजार तुकडे टिपलेले असतात. या फायलींत त्याच्या दुप्पट, चौपट, आणि एकेक तुकडाही जास्त बारकाईने मोजलेला. सुभेदार फोनवरच्या नेहमीच्या गाण्यांना ताक म्हणतात. "तहान भागती. पर लोणी आदीच कुणीतरी काढून घेतल्यालं असतंय." लोण्याच्या पायी त्यांनी जे जे केलं त्याची यादी वहिनींकडे तोंडपाठ आहे. त्यातला ट्रॅक्टरचा किस्सा साऱ्या गावाला माहीत आहे. घरातल्या विजेने यंत्रात बारीक गुणगुण येते, म्हणून सुभेदारांनी सगळी जोडणी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर केली. नांगरटीच्या दिवशी ड्रायव्हर चावी फिरवतोय, ट्रॅक्टर ढिम्म. बॉनेट उघडलं तर आत बॅटरीच नाही. ती परसातल्या खोलीत बसून भूप गात होती.

एकदा मुलाचा एक मित्र आला. हुशार मुलगा, याच क्षेत्रातला. त्याने नम्रपणे सांगितलं, काका, माणसाच्या कानाला एका मर्यादेच्या वरचं ऐकूच येत नाही, तुमच्या वयाला तर त्याच्याही निम्मं. मग हे दुप्पट-चौपट कशाला? मला वाटलं, सुभेदार आता चिडणार. ते उठले, कपाटातून एक कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. साताऱ्यातल्या दवाखान्यात त्यांनी स्वतःच्या दोन्ही कानांची तपासणी करून घेतली होती. उजव्या कानाचा आलेख तर जिना उतरावा तसा खाली गेलेला. "तू म्हणतोस ते खरं हाय," ते म्हणाले. "मला न्हाई येत ऐकू. पर सिग्नलमधी आमाला काय शिकवलं ठावं हाय? आलंय ते समदं लिवायचं. ह्यातलं कामाचं काय आन् बिनकामाचं काय, ते घेणाऱ्यानं ठरवायचं न्हाई. आपल्याला कळंना म्हणून एक टिंब जरी गाळलं, तर म्होरं माणसं मरत्यात." मित्राने कागदाची घडी घालून तो परत दिला.

म्हणूनच ते रेकॉर्डिंगला हात लावत नाहीत. जुनी टेप संगणकावर घेताना लोक तिची खरखर पुसतात, खोकले कापतात, आवाजाला जरा साखर लावतात. सुभेदारांना हे सहन होत नाही. त्यांच्याकडे भंगारातून आणून स्वतः दुरुस्त केलेलं स्पूलचं मशीन आहे. आसपासच्या गावांतून, थेट सांगलीहूनही, लोक घरातल्या जुन्या टेपा घेऊन येतात, कुणाच्या आजोबांचं भजन, कुणाच्या घरची मैफल. सुभेदार त्या सगळ्या बारकाव्यांनिशी उतरवून देतात, खोकल्यासकट. एका गृहस्थांनी वडिलांच्या गाण्यातला कुत्रा तेवढा काढा म्हणून गळ घातली. सुभेदार म्हणाले, "तुमच्या वडलांनी त्याला हाकललं न्हाई. मी कोण हाकलणार?"

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

सांगलीला माझ्या बायकोची मावशी असते, कुसुममावशी. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगाने किरकोळ, बोलायला मोजकी. पंचेचाळीस वर्षं तिने शिवणाचा क्लास चालवला. निम्म्या सांगलीच्या बायकांना कापड बेतायला तिने शिकवलं असेल. पण त्याच्याही आधी मावशी गायची. तेविसाव्या वर्षी तिला बाहेरगावी एका मोठ्या गुरूंकडे शिकायला जायचं होतं. त्यासाठी एका संस्थेची शिष्यवृत्ती होती आणि अर्जासोबत गाण्याची टेप पाठवायची होती. वडिलांचे एक स्नेही स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन आले. तबलजी ऐन वेळी आलाच नाही, म्हणून मावशीने तानपुऱ्यावर नुसता मारव्याचा आलाप गायला, वीस-एकवीस मिनिटं. टेप गेली. दोन महिन्यांनी परत आली ती एका चिठ्ठीसह. 'आवाज उत्तम. सूर टिकत नाही, चढत जातो.'

वडिलांनी स्नेह्यांचा टेपरेकॉर्डर पुन्हा मागून आणला, पेटी काढली, टेप लावली आणि पडताळून पाहिलं. सुरुवात काळी चारमध्ये होती आणि शेवट दीडएक पट्टी वर, जवळजवळ काळी पाचला पोचला होता. दोनदा पाहिलं. मग मावशीने स्वतः पेटी पुढ्यात घेऊन पाहिलं. संस्थेचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी तिने तानपुऱ्याला गवसणी घातली आणि पुढे शिवणाचं यंत्र घेतलं. आमच्या घरात 'मावशीचा सूर चढायचा' हे वाक्य, तिला गोड आवडत नाही, ती डावरी आहे, अशा थाटात बोललं जायचं. कुणाला त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं वाटायचं नाही. खोटं कशाला सांगू, मलाही नाही.

पुरात खालचं घर गेलं तेव्हा टेप माळ्यावर होती म्हणून वाचली. पुढे मावशी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मध्ये एकदा आम्ही गेलो तेव्हा तिने बिस्किटांचा एक गंजका डबा माझ्या हातात दिला. "तुमच्या त्या सुभेदारांकडे जुन्या टेपा वाजतात म्हणे. टाकून द्यायच्या आधी कुणीतरी एकदा ऐकावी. पण मी त्यात बेसूर आहे, हे त्यांना आधी सांगा. मागून त्यांचा हिरमोड नको."

मी सांगितलं. सुभेदारांनी नुसती मान हलवली. टेप इतकी कडक झाली होती की दोनदा वाजली तर तुटेल अशी भीती होती. त्यांनी ती दोन दिवस हाताने, बोटाबोटाने गुंडाळून सैल केली, मग एकदाच वाजवली आणि त्या एका वेळेत जेवढं उचलता येईल तेवढं सगळं उचललं. आठवड्याने त्यांचा फोन आला. "सर, या जरा."

फ्रिज बंद, पंखा बंद, घड्याळ ओसरीवर. त्यांनी मला डावीकडे बसवलं.

"मावशी चढत्यात, ह्ये खरं हाय," ते म्हणाले.

"ते आम्हाला माहीत आहे, सुभेदार."

"पर तानपुरा बी चढतोय."

मला उमगेना. त्यांनी आवाज वाढवला. खरखर मोठी झाली, आणि तिच्या पाठीमागे, तळाशी, अगदी पुसट तानपुरा होता. त्या काळच्या टेपरेकॉर्डरच्या वीतभर स्पीकरमधून तो कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी सुरुवात ऐकवली, मग शेवट ऐकवला. तानपुरा मावशीबरोबर वर गेला होता, तसूभरही मागे न राहता.

"आता मला सांगा, सर. तार आपली आपण उतरती. आपली आपण चढल्याली तार तुमी कवा बघितलीय?"

मी म्हणालो, मावशीनेच मध्ये खुंटी पिळली असेल.

"आन् ह्येनं कोणती खुंटी पिळली?" असं म्हणून त्यांनी तिसरी गोष्ट ऐकवली. तानपुऱ्याच्याही खाली एक बारीक, एकसुरी घर्रर्र होती. "टूबलाइट हाय त्या खोलीत. तिचा चोक वाजतोय. विजेचा सूर थोडा हालतो, पर एवढा न्हाई. चोक बी चढलाय मावशींच्या मागनं, दीड पट्टी. चोकानं कुणाकडं तालीम घेतली?"

माझ्या डोक्यात काही केल्या प्रकाश पडेना. त्यांनी मास्तरांना समजेल अशा बेताने सांगितलं. टेप भरत असताना मशीन हळूहळू मंद होत गेलं. मंद मशीनवर भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळंच वर चढत जातं. माणूसही, तानपुराही, दिवाही. मी तिथूनच मावशीला फोन लावला आणि नुसतं एवढं विचारलं, टेपरेकॉर्डर विजेवर चालला होता का? ती म्हणाली, "नाही. वायर बैठकीपर्यंत पुरेना. मग बाबांच्या बॅटरीतले सेल काढून घातले होते. का हो?"

मी "सहज" म्हणून फोन ठेवला. वडिलांची बॅटरी म्हणजे रोज शेतावर, गोठ्यात फिरणारी. तिचे अर्धे संपलेले सेल घातले, आणि ते वीस मिनिटांत दमत गेले. एवढ्यासाठी पंचेचाळीस वर्षं शिवणाचा क्लास. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. राग आला होता, पण तो कुणावर काढावा असं कुणीच सापडत नव्हतं.

"मग ती सरळ करा आणि मावशीला ऐकवू," मी म्हणालो.

सुभेदार म्हणाले, "न्हाई जमायचं."

जमत होतं. चोकाच्या आवाजाचा माग धरून क्षणाक्षणाचा वेग मोजता येत होता. पण सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षं लष्करात आणि पुढे घरी, आलेल्या संदेशाला हात लावला नव्हता. आज वेग सुधारला, उद्या सूर सुधारीन, परवा कुत्रा काढीन, असं त्यांचं म्हणणं. मी चिडलो. म्हणालो, तुमच्या नियमापायी एक म्हातारी स्वतःला बेसूर समजून मरणार. तीन आठवडे त्यांनी माझा फोन घेतला नाही. वहिनी म्हणायच्या, "खोलीत बसत्यात. गाणं लावत न्हाईत, नुसतंच बसत्यात."

शेवटी वहिनींनीच तोड काढली. ओसरीवर त्यांच्या सासऱ्यांचा फोटो आहे. जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्यो फोटू वाकडा झालाय. सरळ करा म्हणलं तर करशीला का न्हाई? मामंजींचं नाक सरळ करा, असं कोण म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. "सर, मशीन चुकलंय. तेवढं मशीन सरळ करायचं. मावशींचं काय असंल ते तसंच ऱ्हाईल. त्यांनी खरंच कुठं चूक केली असंल तर ती बी ऱ्हाईल. चालतंय का बघा."

मी चालतंय म्हणालो. एकवीस मिनिटांना त्यांना दोन महिने लागले.

एप्रिलमध्ये आम्ही दोघे एसटीने सांगलीला गेलो. सुभेदारांनी मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. मावशीला आम्ही एवढंच सांगितलं होतं की तुमची टेप आणतोय. तिने पोहे केले, ख्यालीखुशाली विचारली, टेपेचं नाव काढलं नाही. मग सुभेदारांनी तिला सगळं सांगितलं, सेल, चोक, तानपुरा. ती हातातला पदर पिळत ऐकत होती. तिचा विश्वास बसला नसावा. ज्या गोष्टीचा पेटीवर दोनदा पडताळा घेतला, ती कुणीतरी परका माणूस येऊन नाही म्हणतो, म्हणून काय लगेच सोडून द्यायची?

"तुमी ऐका. मग काय ते ठरवा," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले.

त्यानंतरची एकवीस मिनिटं आम्हाला काहीही ऐकू आलं नाही. मी मावशीकडे पाहत होतो. पहिली दोन-चार मिनिटं ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ होती. मग तिचा हात मांडीवर आला आणि बोटं हलायला लागली, तानपुऱ्याच्या तारांवर फिरावीत तशी. सुभेदार तिच्याकडे बघतच नव्हते. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. सगळं रेकॉर्डिंग त्यांना पाठ होतं, त्यामुळे काट्यावरून ती आता कुठे असेल हे त्यांना कळत होतं. सतरावं मिनिट सुरू झालं तसे ते खुर्चीत चुळबुळले आणि त्यांनी मान खाली घातली. त्याच वेळी मावशीची बोटं थांबली. मग पुन्हा हलायला लागली.

संपलं. मावशीने हेडफोन काढून व्यवस्थित टेबलावर ठेवले.

"वरच्या रिषभावरून खाली येताना," ती म्हणाली, "धैवत लागला नाही."

"व्हय," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा लहान कधी ऐकला नव्हता. "कमी पडला. मला काढता आला असता, मावशी. पर न्हाई काढला. तो मशीनचा न्हाई, तुमचा हाय."

मला त्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

मावशी त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ठेवलात ते फार बरं केलंत. त्या दिवशी गाऊन उठले तेव्हा बाबांना मी म्हटलं होतं, एक धैवत चुकला, बाकी बरं झालं. एवढंच मला माहीत होतं. मग टेप परत आली, आणि पेटीवर बघितलं तर सगळंच चुकलेलं. मी म्हटलं, मला कळलं कसं नाही? ज्याला स्वतःचं एवढं चुकलेलं कळत नाही, त्याने गाऊ नये." तिने चष्मा काढला, पण पुसला नाही. "म्हणजे मला कळत होतं."

"तुमाला बराबर कळत हुतं," सुभेदार म्हणाले.

मावशी उठली आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली. भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आला. आणि मग आतून तिचा आवाज आला. फाटका, कापरा, म्हातारा. वरच्या रिषभावर तो कसाबसा पोचला, तिथे जरा थरथरला, आणि खाली आला. धैवत लागला. एवढंच. ती पुढे काही गायली नाही. दुधाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज झाला. मी डोळे पुसले, आणि सुभेदारांनी ते पाहू नये म्हणून खिडकीकडे गेलो. पण ते माझ्याकडे बघत नव्हतेच. ते उभे राहिले होते, स्वयंपाकघराच्या दाराकडे डावा कान करून, आणि ती बाहेर येईपर्यंत तसेच उभे होते.

परतीच्या एसटीत मला किती बोलू आणि किती नको असं झालं होतं. सांगली सुटायच्या आत मी तोंड उघडलं. सुभेदारांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सर, साताऱ्यापत्तुर बोलू नगा."

मग त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि त्या भर उन्हाळ्यात दोन्ही कानांवरून घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. कराडला गाडी थांबली. काकडीवाले, पाणीवाले खिडकीला येऊन ओरडायला लागले, मागच्या सीटवर मूल रडायला लागलं. सुभेदार डोळे मिटून बसले होते, टॉवेलवरून दोन्ही हातांनी कान धरून, आत घेतलेलं सांडू नये म्हणून.